भुजंगची वही अन् किशनरावांचा अर्थ

भुजंग कमी बोलायचा. इतका कमी की सोयरीक ठरवायला पाहुणे आले तेव्हा पोरीच्या बापानं त्याच्या थोरल्या भावाला, किशनरावांना, बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नवरदेवाला वाचा हाय न्हवं?"

किशनरावांनी छाती पुढं काढली. "वाचा हाय. पण आमच्या घरात ती थोरल्याकडं ठेवलेली असते."

पाहुणे हसले अन् सोयरीक जमली. अंबिका लग्न होऊन घरात आली अन् तिलाही हे दोन महिन्यांत कळून चुकलं. नवरा सकाळी "पाणी" म्हणायचा, दुपारी "भाकर" म्हणायचा, अन् बाकीचा दिवस दिराचा आवाज घर भरून असायचा.

पिंगळीच्या मारुतीच्या देवळात चातुर्मासात पोथी लागायची. निजाम सरकारचं राज्य, सन छत्तीस-सदतीसचा सुमार. शाळेत चौथीच्या पुढं उर्दू, कचेरीत उर्दू, मराठी कानावर पडायची ती घरात अन् ह्या पोथीला. एक जण ओवी वाचायचा अन् दुसरा तिचा अर्थ सांगायचा. वाचणारे बदलायचे. अर्थ सांगणारे अकरा वर्षं एकच, किशनराव. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झालेली. पुढं अलिफ-बे सुरू झालं अन् त्यांनी पाटी घरी आणून ठेवली ती ठेवलीच. पण अर्थ सांगावा तर त्यांनीच. पार ताडकळसपर्यंत असा गडी दुसरा नव्हता, हे मानावंच लागतं. एकदा ओवीत देव नुसता उठून उभा राहिला होता, तर किशनरावांनी त्या उभं राहण्यावर दिवेलागणीपर्यंत अर्थ सांगितला. बाया वाती वळता वळता ऐकायच्या, म्हातारे माना डोलवायचे. पोथीतली गोष्ट लेकरालाही पाठ असायची. पुढं काय होणार ते सगळ्यांना माहीत, म्हणून किशनराव पुढचं आधीच सांगून टाकायचे अन् मग मागं यायचे. त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं.

भुजंगचं शिक्षण थोरल्यापेक्षा जास्त झालं, कारण थोरल्यानं करवलं. परभणीला खोली करून दिली, आठवड्याला ज्वारीचं पीठ स्वतः डोक्यावर नेऊन दिलं. भुजंग उर्दूही शिकला, मोडीही शिकला. परत आला तेव्हा गावचे पोलीस पाटील माणिकराव यांना लिहिणारा माणूस पाहिजेच होता. पाटलांना सही येत होती, सहीच्या वरचं काही येत नव्हतं. सतराव्या वर्षी भुजंग पाटलांचे पंचनामे लिहायला लागला.

पहिला पंचनामा शिवारातल्या विहिरीवरचा. एक माणूस पडून मेला होता. भुजंगनं कागद लिहिला अन् रिवाजाप्रमाणं पाच पंचांना वाचून दाखवायला बसला. "बिचारा मयत पालथा पडलेला दिसला."

सटवाजी नावाचे म्हातारे पंच होते. जन्मात अक्षर शिकले नाहीत, पण पंचाला बोलावणं आलं की त्यांचं नाव पहिलं. ते म्हणाले, "थांब. बिचारा कुठं दिसला तुला?"

"म्हणजे, मेला न्हवं का बिचारा."

"पालथा दिसला, ते मी बी बघितलं. बिचारा मी न्हाई बघितला. काट."

भुजंगनं काटलं. पुढं वाचलं, "कोणीतरी ढकलल्यासारखं दिसत होतं."

"ढकलताना होतास का तू?"

"न्हाई."

"मग काट. काठावरची माती खाली सरकलेली होती, ते लिव्ह. पाचही जणांनी बघितलंय."

त्या दिवशी एका पानाचं अर्धं पान झालं. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी त्या अर्ध्या पानावरूनच माणूस धरला. मातीवरून. भुजंगनं ते मनात ठेवलं. पुढं तो पंचांपुढं बसायच्या आधीच स्वतः सटवाजी व्हायचा अन् काटायचा. पाच जणांनी बघितलं तेवढंच कागदावर ठेवायचं, ही त्याची रीतच होऊन बसली. किशनराव चारचौघांत सांगायचे, "आमच्या भुजंगचा पंचनामा मुन्सफाच्या कोर्टात कधी माघारी आला न्हाई." हे खरं होतं. पण घरी मात्र त्यांना वाटायचं की पोरगं जरा कोरडंच निघालं.

एका पौषात किशनराव ज्वारीची राखण करायला रानातल्या माळ्यावर बसले होते. भुजंग आला, एक जाड वही त्यांच्या मांडीवर ठेवली अन् म्हणाला, "दादा, वाचून बघा." अन् गेला.

किशनरावांनी पहिलं पान उघडलं.

'विहिरीला सात पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर कंदील होता. कंदील पेटलेला होता. सूर्य उगवून घटका झाली होती.'

किशनराव मनात म्हणाले, हे काय? सूर्य कसा उगवला, सोन्यासारखा का रक्तासारखा, काहीच न्हाई. नुसतं उकडून ठेवलंय, फोडणी टाकायची राहिली. त्यांनी दुसरं पान उलटलं. मग तिसरं. वाचता वाचता त्यांना कळलं की ही कादंबरी हाय. एका वाड्यात दोन भाऊ. रोज सकाळी विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर पेटलेला कंदील सापडतो. कोण ठेवतं कळत न्हाई. पंधराव्या दिवशी कंदील नसतो, धाकटा भाऊ असतो, मेलेला. मग कोणी मारलं त्याचा शोध.

वही संपली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. किशनरावांनी मान वर केली. बांधाकडच्या चार ओळींची कणसं पाखरांनी साफ केली होती. सकाळपासून त्यांनी गोफण हातात धरलीच नव्हती. त्यांच्या घरच्या, कावेरीवहिनी, भाकर घेऊन आल्या, रान बघितलं अन् म्हणाल्या, "राखणीला बसलावता का पाखरांना जेवू घालायला?"

"पाखरं लय आली," किशनराव म्हणाले. वहीचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी त्यांनी भुजंगला विचारलं ते एवढंच, "खून करणारा थोरला भाऊच कामून केलास रे?"

"थोरल्यावर कोणी शक घेत न्हाई, दादा."

किशनरावांना हे पटलं. बरंही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं तोंड सुरू झालं. आमच्या भावानं ग्रंथ लिहिलाय, आख्ख्या परभणीच्या इलाख्यात कोणी लिहिला न्हाई असा लिहिलाय. टेसनावर सांगितलं, तहसिलीत सांगितलं, ताडकळसच्या बाजारात भेटेल त्याला सांगितलं. सांगत सांगत ते परभणीत बन्सीधर मास्तरांपर्यंत पोचले. मास्तर एक छोटं मराठी वाचनालय चालवायचे अन् सोलापूरच्या एका छापखानेवाल्याशी त्यांची ओळख होती.

मास्तर शांतपणे म्हणाले, "किशनराव, आपल्याकडं मराठी वाचणारे किती? ऐकणारे जास्त. तुमच्या गावाला वाचून दाखवा. मी येतो. गाव शेवटपर्यंत बसलं तर वही मी स्वतः सोलापूरला नेतो. न्हाई बसलं तर मला सांगू नका."

घरी येऊन किशनरावांनी हे सांगितलं. भुजंग म्हणाला, "न्हाई बसले तर मी परत लिहिणार न्हाई, दादा. चार वर्षं लागलीत ह्याला. कोणाला ऐकू वाटत नसल तर उगं कागद कशाला काळे करायचे?"

तो असं बोलला म्हणजे तसंच करणार, हे किशनरावांना ठाऊक होतं. तो दुसरं काही बोलतच नव्हता.

माणसं जमवायची म्हणजे त्या काळी परवानगी लागायची. देवळातल्या पोथीला मात्र कोणी विचारत नसे. तेव्हा किशनरावांनी शक्कल काढली. श्रावणातल्या एका सोमवारी वही लाल फडक्यात गुंडाळली, चौरंगावर ठेवली, वर फूल वाहिलं अन् पोथी म्हणून लावून दिली. नारळसुद्धा फोडला. दुपारच्या गाडीनं मास्तर उतरले. त्यांना खांबाला टेकून बसवलं. संध्याकाळच्या पॅसिंजरनं त्यांना परत जायचं होतं. साठ-सत्तर माणूस जमलं. पुढं सटवाजी, बायांच्या बाजूला सगळ्यात पुढं धुरपता आत्या. ह्या किशनरावांच्या बापाच्या बहीण. वयानं देवळाच्या बरोबरीच्या, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

भुजंगनं वाचलं, "विहिरीला सात पायऱ्या."

अन् थांबला. रिवाजच तसा होता. वाचणारा थांबला की अर्थ.

किशनरावांनी घसा साफ केला अन् सुरुवात केली. सातच पायऱ्या कामून? तर सात म्हणजे सप्तलोक, सात म्हणजे आठवड्याचे वार, सात म्हणजे फेरे. विहीर म्हणजे हा संसार. पायरी म्हणजे माणसाचं वय. असं ते चांगलं अर्धा घंटा बोलले, अन् बोलले झकास, त्यात वाद न्हाई. माना डोलल्या. मास्तरांनी मात्र घड्याळ बघितलं.

"तिसऱ्या पायरीवर कंदील होता."

किशनरावांना आता चांगला रंग चढला. "आता हा कंदील! भाविक हो, हा कंदील कोणी ठेवला? तर परक्यानं न्हाई. हा ठेवणारा मयताचा सख्खा थोरला भाऊ! ज्याच्या ताटात जेवला त्याचाच जीव घेतला! ते पुढं येणारच हाय, सतराव्या अध्यायात..."

भुजंगची मान वहीवरून एकदम वर आली. मास्तरांनी डोळे मिटले.

मागून कोणीतरी ओरडलं, "थोरल्यानं मारलं? किशनराव, तुमच्यावरच लिवलं का काय?"

सगळं देऊळ हसलं. किशनरावही हसले, त्यांना अजून काही कळलं नव्हतं. भुजंग वाचत राहिला, किशनराव सांगत राहिले. कंदिलाच्या काचेवर सांगितलं, वातीवर सांगितलं. हळूहळू बायांच्या वाती संपल्या. कोणाला गाईला पाणी पाजायचं आठवलं, कोणाला सासरा घरी एकटा असल्याचं आठवलं. मागची रांग उठली. मग मधली विरळ झाली. दोन म्हातारे बसल्या जागी घोरायला लागले. सत्तरातले तीस राहिले.

मास्तर उठून जोडे घालायला लागले. "किशनराव, लय छान सांगता तुमी. पण मी तुमाला ऐकायला आलो नव्हतो. आता राहिलंय काय? कोणी मारलं ते गावाला कळलं, निम्मं गाव घरी गेलं."

पोथीचा रिवाज ह्या वहीला चालत न्हाई, हे किशनरावांना तेव्हा कळलं. पोथीत शेवट माहीत असतो, इथं तो झाकून ठेवलेला होता. भुजंगनं चार वर्षं झाकलेला, यांनी दुसऱ्याच वाक्याला उघडा करून टाकला.

"भुजंग," ते हळू आवाजात म्हणाले, "मी घोळ घातला का रे?"

भुजंग कधी नव्हे तो पाच-सहा वाक्यं बोलला. "दादा, पंचनाम्यात कोणी म्हणलं की मी हे बघितलं न्हाई, तर काटावं लागतं. तुमी सप्तलोक सांगायलात, ते ह्यातल्या कोणी बघितले न्हाईत. विहीर समद्यांनी बघितलीय. विहीर म्हणलं की ज्याला त्याला आपापली विहीर दिसती. तिच्यावर तुमी तुमची विहीर ठेवायलात."

किशनरावांना राग आला. अकरा वर्षं अर्थ सांगितलेला माणूस अन् धाकट्यानं देवळात, परक्या माणसापुढं शिकवावं? ते काहीतरी बोलणार, एवढ्यात धुरपता आत्यांचा आवाज आला.

"किशन, तू खाली ये. अन् त्याला वाचू दे."

"आत्या, अर्थ सांगितल्याबिगर कळायचं न्हाई कोणाला."

"मला कंदील कळतो रे बाबा. ऐंशी वर्षं मीच लावायलेय. ये खाली."

माणसं हसली. किशनराव उभे राहिले. उठून घरी निघून जावं असं त्यांना वाटलं, अन् गेले असते तर कोणी बोल लावला नसता. पण त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांचा एक जोडा पायात होता, दुसरा हातात. तो दुसरा जोडा पायात गेला की भुजंगचं लिहिणं संपलं. किशनराव चौथऱ्यावरून उतरले अन् सटवाजींच्या शेजारी सतरंजीवर बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"मास्तर," ते म्हणाले, "गाडीला अजून वेळ हाय. बसा. मी आता तोंड उघडत न्हाई. उघडलं तर मला ह्या देवळात पुन्हा चढू देऊ नका."

भुजंगनं सुरुवातीपासून वाचायला घेतलं. न थांबता. आवाज पंचनामा वाचायचा तोच, ना वर ना खाली.

किशनरावांना फार जड गेलं. प्रत्येक वाक्याला त्यांच्या जिभेवर काहीतरी यायचं अन् ते गिळायचे. सटवाजी त्यांच्याकडं बघून कुजबुजले, "उचकी लागली का?" किशनरावांनी मान हलवली. हळूहळू गिळायचं कमी झालं. थोरल्यानंच मारलंय हे आता सगळ्यांना माहीत होतं. अन् भुजंग वाचत होता,

"थोरला जेवायला बसला. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागितली. धाकट्याचं ताट वाढलेलं तसंच होतं. थोरल्यानं ते आपल्याकडं ओढलं."

देवळात कोणी हललं नाही. धुरपता आत्यांचा वात वळणारा हात मांडीवर तसाच राहिला. ज्याच्या कानावर हे पडलं त्याला ते ताट ओढल्याचा आवाज आला. पितळेचा, शेणानं सारवलेल्या भुईवरचा. भुजंगनं तो लिहिला नव्हता. थोरला दुष्ट होता असंही कुठं लिहिलं नव्हतं. किशनरावांच्या अंगावर काटा आला. माळ्यावर बसून एकट्यानं वाचलं होतं तेव्हाही आला होता, पण तेव्हा त्यांनी तो पौषाच्या थंडीवर ढकलला होता. आता श्रावणाचा उकाडा होता. ह्या ताटाचा अर्थ काय सांगायचा? त्यांनी मनाशी सांगून बघितला. हरामखोर म्हणून बघितलं, काळीज दगडाचं म्हणून बघितलं. जे म्हणावं त्यानं ताट हलकं व्हायचं.

वाचणं चालू राहिलं. घरी गेलेली माणसं परत यायला लागली, आधी दोन, मग पाच. गाईला पाणी पाजून आलेला एक जण दाराशीच उभा राहून ऐकायला लागला अन् बसायचं विसरला. कोणीतरी खोकलं तर सटवाजींनी मागं वळून असं बघितलं की त्यानं पुढचा खोकला बाहेर जाऊन काढला. कोणी मारलं हे विचारायचं उरलंच नव्हतं. तरी वाड्यातली म्हातारी थोरल्याला "कंदिलात तेल कोणी घातलं?" असं विचारते त्या ठिकाणी बायांच्या बाजूनं "अगं माय, नको विचारू" असा आवाज आला.

गाडीची वेळ जवळ आली तेव्हा वहीची वीस पानं राहिली होती. भुजंग थांबला. "मास्तर, तुमची गाडी."

"ती रोज येती," मास्तर म्हणाले. "वाच."

संपलं तेव्हा कोणी वाहवा केली नाही. माणसं बसून राहिली. मग सटवाजी म्हणाले, "ह्यात काटायचं काय बी न्हाई." भुजंगनं मान खाली घातली. पंचानं असं म्हणलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी वही फडक्यात बांधली. पिशवीत ठेवली अन् पिशवी काखेत मारली. मग म्हणाले, "एक अडचण हाय. छापणारा म्हणल की लिहिणारा नवा हाय, लोकांना कळायचं न्हाई, पुढं चार पानं कोणीतरी लिहा. लेखक कोण, गोष्ट कशाची, काय बोध घ्यायचा. किशनराव, भावाबद्दल तुमच्यापेक्षा चांगलं कोण लिहील? तुमचं नावही छापून येईल."

किशनरावांचं नाव! सोलापूरला, शिशाच्या टायपात! खरं सांगायचं तर पहिलं वाक्य त्यांच्या डोक्यात तयारही झालं होतं. 'जसा सह्याद्री पर्वत...' असं काहीतरी. धुरपता आत्या, सटवाजी, सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. भुजंग बघत नव्हता. त्याला विचारलं असतं तरी तो नको म्हणला नसता, थोरल्याला त्यानं कधी नको म्हणलं नव्हतं.

"न्हाई," किशनराव म्हणाले.

"कामून?"

"मला चार पानं दिली तर मी पहिल्याच पानावर समदं सांगून टाकीन. मी मला वळखतो, मास्तर. छापणाऱ्याला म्हणावं, मुखपृष्ठ उलटलं की विहीर आली पाहिजे. मधी कोणी उभं राहायचं न्हाई. मी बी न्हाई."

भुजंगनं वर बघितलं. मग किशनराव पहाटेच्या गाडीसाठी टेसनावरच मुक्कामाची सोय करायला मास्तरांबरोबर निघाले तेव्हा पिशवी न्यायच्या निमित्तानं तो बरोबर चालायला लागला, अन् रेल्वेच्या फाटकापर्यंत थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून चालला.

पुस्तक दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला आलं. शंभराला चार पानं कमी. भुजंग पुढंही पाटलांचे पंचनामे लिहीत राहिला, आणखी दोन पुस्तकं लिहिली, अन् बोलायचा तेवढाच बोलत राहिला. किशनरावांनी त्याच्या शाळेबद्दल सांगितलं, डोक्यावरून नेलेल्या पिठाबद्दल सांगितलं, मुन्सफाच्या कोर्टाबद्दल सांगितलं. ताडकळसच्या बाजारात असा एक दुकानदार राहिला नाही ज्याला हे पाठ नव्हतं. पुस्तक त्यांच्या बगलेत कायम असायचं.

एकदा एका ओळखीच्यानं विचारलं, "ते समदं ऐकलं, किशनराव. पण आत काय हाय?"

"विहीर हाय."

"अन् पुढं?"

किशनरावांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं अन् बैलांच्या बाजाराकडं निघून गेले.